मामांच्या पाईपची रबरी टोपी

मामांच्या तंबाखू ओढायच्या पाईपवरून मामी आणि त्यांचा मुलगा यांच्यात जे दोन वाक्यांचं बोलणं झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण ते काही माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. संभाजीनगरच्या त्यांच्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून हॉलमधली शोकेस रिकामी करायला घेतली. बक्षिसाच्या ढाली, चिनी मातीचे ससे, जायकवाडीच्या कामावरचा एक ग्रुप फोटो आणि त्या फोटोला टेकवून ठेवलेला मामांचा पाईप. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून तो तिथंच. खिडकी पश्चिमेची, संध्याकाळचं ऊन रोज त्याच्यावर पडायचं, त्यामुळं एकेकाळची काळी दांडी पार शेवाळी, मळकट तपकिरी झालेली. टोकाला रबराचा एक तुकडा चढवलेला होता, तो वाळून कडक होऊन दांडीलाच चिकटला होता. मी नखानं उचकटायला गेलो तर त्याचे बारके तुकडेच पडायला लागले, आणि खाली दिसली ती काळीकुळकुळीत, नव्यासारखी चमकणारी दांडी, बोटाच्या एका पेराएवढीच. बाकी सगळी दांडी उन्हानं खाल्ली, तेवढा भाग रबरानं झाकून ठेवलेला. आणि त्या काळ्या भागात, वर दोन आणि खाली एक, दात रुतल्याचे खड्डे.

मामेभाऊ बाजूलाच होता. मी जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करत असतो हे घरात सगळ्यांना माहिती, म्हणून तो लगेच म्हणाला, "दादा, पॉलिश कर पण हे खड्डे तसेच राहू दे, पप्पांचे दात आहेत ते." मामी शोकेसच्या काचा पुसत होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "त्यांना नव्हते आवडत. निघत असतील तर काढून टाक."

तेवढंच. पाईप माझ्या पिशवीत आला आणि ही दोन्ही वाक्यं पण सोबत आली.

मामा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, पैठणला जायकवाडीच्या कामावर. 1965 ला शास्त्रीजींच्या हातून त्या धरणाची पायाभरणी झाली आणि 1976 ला इंदिराबाईंच्या हातून उद्घाटन, मधल्या वर्षांत कुठंतरी मामा तिथं रुजू झाले. मराठवाड्यात त्या काळात पाईप ओढणारा माणूस म्हणजे विरळाच. विडी होती, चिलीम होती, तंबाखू-चुना तर तळहातावर कायमच, थोडं शिकलेल्याकडं सिगारेट, पण पाईप कुणाकडं दिसला तर तो एखादा वकील नाहीतर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक. मामांनी त्यांचा पाईप मुंबईहून आणला होता, कशाच्या तरी सरकारी मीटिंगला गेले होते तेव्हा फोर्टातल्या दुकानातून. वाटी ब्रायरची, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठानं वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळावरची गाठ असते तिच्यातून कोरलेली, आणि दांडी एबोनाईटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, जराशी वाकडी. आम्ही लहानपणी सुट्टीत पैठणच्या कॉलनीत जायचो तेव्हा मामा साईटवरून यायच्या आधी त्या तंबाखूचा वास यायचा, गोडसर, मनुका भाजल्यासारखा. आमच्या गावाकडच्या चिलमीच्या खाटासारखा तो घशात बसत नव्हता, त्यामुळं आम्हा पोरांना वाटायचं की हा काही वेगळाच, चांगला प्रकार आहे. तसं नव्हतं हे कळायला फार वर्षं गेली.

दात का रुतले ते मला मामांच्या कामाकडं बघून कळलं. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचं मातीचं धरण, 27 दरवाजे, वर उभं राहिलं की समोर नुसतं पाणी आणि तोंडावर मारणारं वारं. मामांच्या एका हातात नकाशाची गुंडाळी, दुसऱ्या हातानं टोपी धरलेली नाहीतर कुणाला तरी काहीतरी दाखवणं चाललेलं. मग पाईप धरायचा कशानं, तर दातानं. हातात धरून ओढणाऱ्याची दांडी वर्षानुवर्षं नीट राहते, पण ज्याला काम करता करता तोंडात धरायची सवय लागते त्याचा सगळा पाईप दोन-चार दातांवर लोंबकळत असतो. वाटीत तंबाखू, वाटीचं स्वतःचं वजन, ते सगळं पुढं, आणि मागं दांडीचं चपटं टोक जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं. वारं आलं, खोकला आला, कुणावर ओरडावं लागलं, की जबडा आपोआप आवळतो. एबोनाईट काही दगड नाही, ते हळूहळू दबत जातं. पहिल्यांदा बारीक चरे, मग खड्डे, आणि लक्षच दिलं नाही तर एक दिवस आत धूर यायच्या भोकापर्यंत आरपार. तिथं मग दांडीच बदलावी लागते आणि पैठणला दांडी कोण बदलून देणार?

मामा नीटनेटके माणूस. साईटवरून आल्यावर आधी बूट पुसणार, मग हात धुणार, मग चहा. पाईप रोज तारेच्या काडीनं आतून साफ करणार, ती काडी म्हणजे तारेला कापसासारखा धागा पिळलेला असतो ती. अशा माणसाला आपल्याच दातांनी आपली वस्तू खराब होतीये हे बघवत नव्हतं. कॉलनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना बीपीच्या मशीनची जुनी रबरी नळी दिली. मामा तिचा पेराएवढा तुकडा ब्लेडनं कापायचे, कोमट पाण्यात मऊ करायचे, आणि दांडीच्या चपट्या टोकावर दोन्ही अंगठ्यांनी ओढून ओढून चढवायचे. भोकाच्या पुढं रबर गेलं नाही पाहिजे, नाहीतर धूर अडतो आणि साफ करायची काडी पण अडकते, म्हणून ते डोळ्यासमोर धरून बघायचे. घरात त्याला टोपी म्हणायचे सगळे. "मामांच्या पाईपची टोपी फाटली" असं म्हणलं की मामी फिल्मच्या रिकाम्या डबीतून दुसरी काढून द्यायच्या. उन्हाळ्यात ते रबर लवकर चिकट व्हायचं, त्रेचाळीस डिग्रीला काय टिकणार. आणि सुरुवातीला त्याची चव पण वाईट लागायची म्हणे, म्हणून मामी नवी नळी आणली की पाण्यात उकळून घ्यायच्या.

आता हेच तुकडे ऑनलाईन तयार मिळतात, रबराचे आणि सिलिकॉनचे, काळे आणि पारदर्शक, पाकिटात पाच-सहा. उपयोग तोच. दांडीवर दात उमटत नाहीत, आणि कडक दांडी दातावर घासतही नाही, हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हल्ली बऱ्याच पाईपांना ॲक्रिलिकची दांडी असते, ती एबोनाईटपेक्षाही कडक, रंग उडत नाही पण दाताला काचेसारखी लागते. कवळी असलेल्याला तर गुळगुळीत दांडी धरताच येत नाही, घसरते. मऊ टोपी असली की आवळावं लागत नाही, नुसतं टेकवलं तरी पाईप बसतो, जबड्याला आराम. तोटे पण आहेतच. टोक जाड होतं, काहींना ते तोंडात भरल्यासारखं वाटतं. आणि टोपीखाली लाळ साठते, म्हणून ती रोज काढून, धुऊन, कोरडी करून ठेवायची असते. मामा ठेवायचे. बेसिनच्या वर आरशाच्या फळीवर, टूथब्रशशेजारी ती टोपी उपडी घातलेली असायची हे मला लख्ख आठवतं.

तोंड आणि नळी यांच्या मधे काहीतरी पाहिजे, हे मात्र मामांनी शोधलेलं नव्हतं. आमच्या गावात, सोनपेठकडं, सालगडी दुपारच्याला बाभळीखाली बसून चिलीम भरायचा तेव्हा आधी धोतराच्या जुन्या तुकड्याची पट्टी तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि चिलमीच्या बुडाशी गुंडाळायचा. तिला छापी म्हणतात. मग दोन्ही हातांच्या मुठीत ती चिलीम अशी काही धरायची की ओठ मातीला लागायचेच नाहीत, धूर ओल्या फडक्यातून गार होऊन मुठीतून तोंडात. राख आणि तंबाखूचा चुरा त्या फडक्यात अडकायचा, छापी तपकिरी होत जायची. लहानपणी मला वाटायचं की ओठ लागत नाहीत म्हणजे कुणाचीही चिलीम कुणीही ओढत असेल. तसं नव्हतं. बाभळीखाली कोण बसला आहे त्याच्यावर चिलीम कुठपर्यंत फिरणार ते ठरलेलं असायचं, आणि ओल्या फडक्याचा अडसर असूनही काही माणसं आपली चिलीम वेगळी घेऊन लांब बसायची. ते दृश्य मला आजही खुपतं. फडकं धूर गार करत होतं, बाकी काहीच करत नव्हतं.

आणि हे फार जुनं आहे. दख्खनमध्ये तंबाखू पोर्तुगीजांकडून आली. अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला होता, तिथं त्यानं तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि परत जाताना बादशहासाठी घेऊन गेला. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, साल साधारण 1604 च्या आसपासचं. नुसती तंबाखू नेली नाही, तर तीन हात लांब नळी, तिची दोन्ही टोकं मीनाकाम केलेली, आणि तोंडाला लावायला येमेनच्या अकीक दगडाचा लंबगोल तुकडा. म्हणजे पहिल्याच वेळेला, बादशहापुढं ठेवताना, ओठाला काय लागणार याचा विचार त्यानं केला होता. आणि तिथंच दरबारातला हकीम मधे पडला, की ह्या वनस्पतीबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, बादशहांनी ओढू नये. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले आणि ठेवून दिली. पुढं नबाबी काळात हुक्के आले, आपल्या शेजारच्या बिदरला त्यांचे काळ्या धातूवर चांदी जडवलेले बूड तयार व्हायचे, हैदराबादच्या सालारजंग म्युझियमला गेलात तर असे हुक्के बघायला मिळतात. त्या हुक्क्याची मुहनाळ, म्हणजे तोंडात धरायचं टोक, वेगळी निघायची, पाहुणे आपापली मुहनाळ सोबत आणायचे. तिकडं युरोपात पांढऱ्या मातीचे पाईप होते, ती कोरडी माती ओठाला चिकटून कातडी निघू नये म्हणून टोकाला लाल मेण लावायचे. तरी ते पाईप इतके कडक की वर्षानुवर्षं एकाच जागी धरून धरून ओढणाऱ्याचे दातच झिजायचे, वरच्या-खालच्या दातात मिळून एक गोल खाच पडायची. जुन्या दफनभूमीतले सांगाडे तपासणारे लोक ती खाच बघून सांगतात की हा माणूस पाईप ओढायचा. मातीच्या दांडीनं माणसावर खूण ठेवली आणि एबोनाईटच्या दांडीवर माणसानं.

हे वाचलं तेव्हा मला मामांचे खड्डे जास्तच दिसायला लागले, आणि मामेभावाचं पण पटायला लागलं. फोटोत मामा हसत नाहीत, आवाज कुठं टेप केलेला नाही, मग त्यांच्या शरीराची प्रत्यक्ष खूण म्हणजे हीच.

पाईप बरेच दिवस टेबलावर तसाच पडून होता.

एबोनाईट मला पेनांमुळं ओळखीचं. रबरात गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरचं काम, 1844 चं पेटंट. त्यात गंधक खूपच वाढवलं, पाव भागाच्या वर नेलं आणि तासनतास तापवलं की रबर लवचिक न राहता लाकडासारखं कडक होतं, ते त्याच्या भावानं, नेल्सननं 1851 ला पेटंट केलं. आपल्याकडं राजमहेंद्रीची पेनं त्याचीच. क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग पण एबोनाईटचा असतो, आणि आमच्या गल्लीतल्या बँडमधला क्लॅरिनेटवाला त्याच्यावर, वरचे दात टेकतात तिथं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतो. त्याला मी विचारलं काहून लावता, तर तो म्हणाला दात शिवशिवतात, लग्नसराईत दिवसाला तीन वराती असल्या की डोकं भणभणतं. ह्या पदार्थाचा शत्रू म्हणजे ऊन. उजेड, हवा आणि ओल मिळून वरचा थर बिघडतो, गंधक वर येतं, रंग शेवाळी होतो आणि जिभेला लावलं तर कडू, घाण चव. मामांच्या दांडीचं नेमकं तेच झालं होतं, फक्त टोपीखालचा भाग वाचला.

आणि एबोनाईटचा एक गुण असा आहे की त्याला आपला मूळ आकार लक्षात राहतो. दातानं दबलेला भाग गरम केला की तो आपला आपण वर येतो. भट्टीत तापवून वाकवलेली दांडी पूर्ण गरम पाण्यात टाकली तर ती सरळ सुद्धा व्हायला बघते, म्हणून फक्त टोकच बुडवायचं असतं. ॲक्रिलिकचं असं होत नाही, तिथं खड्डा म्हणजे खड्डाच, भरावा लागतो. म्हणजे मामांचे खड्डे काढणं माझ्या हातात होतं, आणि त्याला कानशीसुद्धा लागणार नव्हती, नुसतं पाणी. ते इतकं सोपं आहे हे माहिती असल्यामुळंच हात धजत नव्हता.

मग एकदा रात्री मला आरशाच्या फळीवरची ती उपडी टोपी आठवली आणि मामींचं म्हणणं नीट समजलं. खड्डे पडले ते मामांच्या नकळत, कामाच्या गडबडीत. टोपी मात्र ते जाणूनबुजून, रोज, डोळ्यासमोर धरून बसवत होते. त्या दोन्हीत मामा कशात जास्त आहेत? मला तर वाटतं टोपीत. मामींनी तो माणूस चाळीसेक वर्षं जवळून पाहिलेला, त्याला कशाचा त्रास व्हायचा हे त्यांना ठाऊक. आपण पोरं-बाळं आपल्या हळवेपणासाठी त्याच्या नावडत्या गोष्टी जपून ठेवायच्या म्हणतो, ते मला त्या रात्री बरोबर वाटलं नाही.

पाणी उकळलं, गॅस बंद केला, दांडी वाटीपासून वेगळी करून टोक बुडवून धरलं. खालचा खड्डा आधी गेला. वरचे दोन पूर्ण गेले नाहीत, उजेडात तिरपं धरलं तर एक अगदी बारीक सावली दिसते, पण बोटाला लागत नाही. गरम पाण्यानं तो जपलेला काळा भागही थोडा तपकिरी झाला, ते होणारच होतं. मग वॉटर पेपर, आधी चारशे नंबर, मग आठशे, मग दोन हजार, पाण्यात भिजवून भिजवून. काळपट पिवळा गाळ निघतो आणि काडेपेटीसारखा गंधकाचा वास हाताला लागतो, साबणानं जात नाही. शेवटी मऊ फडक्यानं तेलाचं बोट. दांडी एकसारखी काळी झाली. मामींना नेऊन दाखवली तर त्यांनी पदरानं परत एकदा पुसली आणि शोकेसमधे न ठेवता कपाटात ठेवली, ऊन लागू नये म्हणून. म्हणाल्या, "असाच आणला होता मुंबईहून."

एक गोष्ट मात्र लिहायची राहिली आणि ती लिहिल्याशिवाय हे सगळं खोटं वाटेल. टोपीनं दांडी वाचली, दात पण बऱ्यापैकी वाचले, पण टोपीतून जो धूर जात होता तो तसाच जात होता. मामा रिटायर व्हायच्या सुमाराला दाढ काढायला औरंगाबादच्या एका डेंटिस्टकडं गेले, मी सोबत होतो. डॉक्टरांनी दाढ बाजूला ठेवली आणि मामांच्या हातात आरसा देऊन टाळू दाखवली. सगळी पांढुरकी, जाड, आणि तिच्यावर लाल लाल ठिपके. पाईपवाल्यांच्यात हे दिसतं म्हणाले, गरम धूर सरळ टाळूवर आदळतो, लाळेच्या ग्रंथींची तोंडं सुजतात, तेच ठिपके. हा काही कॅन्सर नाही, सोडलं तर टाळू पुन्हा नीट होईल, पण ओठाला, जिभेला, गालाला जे होऊ शकतं ते मी आत्ता तुम्हाला सांगत नाही, तुम्ही इंजिनिअर आहात. मामा गप्प बसून ऐकत होते. मी त्या वेळी त्यांच्या हातातल्या आरशाकडं बघत होतो आणि मला राहून राहून बेसिनवरची टोपी दिसत होती. इतका जपणूक करणारा माणूस. दांडीवर ओरखडा चालत नव्हता आणि दांडीच्या पलीकडं बोटभर अंतरावर हे चाललेलं, ते त्यांनी कधी आरशात बघितलंच नव्हतं. मामांनी पाईप सोडला. लगेच नाही, धडपडत, मधे दोनदा परत सुरू करून, पण सोडला, आणि पुढच्या तपासणीला टाळू गुलाबी होती हे मामी आजही माझ्याजवळ नवस फिटल्यासारखं सांगतात. सोडताना त्यांनी पाईप धुतला, नवी टोपी चढवली आणि शोकेसमधे ठेवला. मी उचकटली ती तीच.

मागच्या आठवड्यात मामेभावाचा पुण्याहून फोन आला. खड्डे काढल्याचा त्याला राग आला असेल म्हणून मी तयारीतच होतो, पण तो विषय त्यानं काढलाच नाही. तो सिगारेट ओढतो, सोडायचा विचार आहे म्हणाला, आणि मग हळूच, "दादा, पप्पांचा पाईप थोडाफार वापरला तर? ते सिलिकॉनचं कव्हर घालून? पाईपचा धूर छातीत घेत नाहीत ना." मी त्याला म्हणलं, कव्हर दांडीसाठी असतं रे, त्याच्यातून धूर जसाच्या तसा येतो. मग टाळूचं सांगितलं. त्याला हे माहितीच नव्हतं, तो तेव्हा हॉस्टेलला होता आणि मामांनी मामींशिवाय घरात कुणाला सांगू दिलं नव्हतं. त्यानं डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मला परत एकदा सगळं विचारून घेतलं, ठिपके कुठं होते, दुखत होतं का. नाही, दुखत नव्हतं, तेच तर. मी सांगितलं की पाईपचं नंतर बघू, तू आधी कुठल्यातरी डेंटिस्टची वेळ घे आणि तोंड दाखव, शनिवारी घेतलीस तर मी पण येतो सोबत.